रिकामी गिरणी

वरच्या मजल्यावरच्या कपडे धुण्याच्या मशीनखाली रबराच्या जाड चकत्या बसल्या आणि त्या दिवसापासून आईचं जेवणावरचं लक्ष उडालं. ह्या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध असेल असं आकांक्षाला आधी वाटलंच नाही. चकत्या तिनेच बसवायला लावल्या होत्या. संभाजीनगरच्या त्या फ्लॅटमध्ये रोज सकाळी वरचं मशीन शेवटच्या पिळणीला आलं की हॉलची भिंत थरथरायची, कपाटातल्या बशा एकमेकींना लागायच्या, आणि चहा पिता पिता तिच्या मनात यायचं, इमारती तपासून पोट भरणाऱ्या बाईच्याच डोक्यावर हे असावं. एका रविवारी ती वर गेली, त्या माणसांना नीट समजावलं, चकत्या आणून दिल्या. थरथर गेली. बशा गप्प झाल्या. आई मात्र सकाळी तिच्या नेहमीच्या जागी, त्या भिंतीला पाठ लावून फरशीवर पाय पसरून बसली ती कितीतरी वेळ तशीच बसून राहिली. मग उठली आणि दुसऱ्या भिंतीला पाठ लावून बसली. मग स्वयंपाकघरातल्या भिंतीला. पुढच्या आठवड्यात एकदा ताट बाजूला सारून, बहिऱ्या माणसाच्या त्या पट्टी न सापडणाऱ्या मोठ्या आवाजात तिनं विचारलं, "वरचे घर सोडून गेले का गं?"

"नाही," आकांक्षा ओठ सावकाश हलवत म्हणाली. "मशीन नीट केलं त्यांचं. आता हलत नाही."

आईनं ते ओठांवरून वाचलं, पुन्हा एकदा वाचल्यासारखं बघितलं. "काहून नीट केलं?" ती म्हणाली. "बरं व्हतं की ते."

एवढंच. पण आकांक्षाच्या आत कुठंतरी फट पडल्यासारखं झालं. ऑफिसात बसल्याबसल्या, दुसऱ्याच कुणाच्या तरी बीमची आकडेमोड करताना तिला आईची ती पाठ दिसत राहिली, भिंतीपाशी जाऊन काहीतरी शोधणारी. आईचे, जनकाबाईंचे, कान गोरेगावच्या गिरणीनं खाल्ले, हे घरात सगळ्यांना माहीत होतं. सेनगाव तालुक्यातलं गोरेगाव. तिथं बौद्धवाड्याच्या कडेला ग्यानोबाची, म्हणजे आकांक्षाच्या बाबांची, डिझेल इंजिनावरची पिठाची गिरणी होती. गिरणीची मागची भिंत तीच घराची पुढची भिंत. आकांक्षा लहानपणी त्या भिंतीच्या थरथरीवर झोपली, अभ्यास केला, तापात पडून राहिली. सायलेन्सरवर उलटा बसवलेला पत्र्याचा डबा कुक्‌ कुक्‌ करायचा आणि तो आवाज शिवारापर्यंत जायचा. आई पट्ट्यापाशी उभी राहून दळण घालायची, बाबा इंजिन सांभाळायचे. वर्षं गेली तशी आईला आधी चिमण्या ऐकू येईनाशा झाल्या, मग भाजीवालीची हाक, मग आकांक्षाचा फोन. कानाचं मशीन आणलं तर तिनं ते दोन दिवस घालून डब्यात ठेवून दिलं. "नुसता कचरा ऐकू येतो," म्हणाली. त्याऐवजी ती माणसांचे ओठ वाचायला शिकली, कुणी न शिकवता. आकांक्षाला कायम वाटत आलं की आई त्या गिरणीचा राग राग करत असणार. कान गेले, अर्धं आयुष्य पिठानं पांढरं झालं, आणि शेवटी विजेवरच्या गिरण्या आल्या तेव्हा इंजिन भंगारात गेलं. बाबा गेले त्यालाही आता बारा वर्षं होत आली. आई तिच्याकडे राहायला आल्यावर गिरणीचा विषय कुणीच काढला नव्हता. प्रमोद म्हणायचा, तू विचार ना त्यांना, बोलतं कर. प्रमोद, म्हणजे तिचा नवरा, छत्तीसगडमध्ये एका सिमेंटच्या कारखान्यात होता आणि रोज संध्याकाळी फोन करायचा. त्याच्या मते बोलण्यानं सगळं सुटतं. ते दोघं रोज बोलत. काय खाल्लं, साहेब काय म्हणाला, हप्ता गेला का, आईंच्या गोळ्या. सगळं बोलून झालं की फोन ठेवत, आणि मग आकांक्षाला पलंगाच्या रिकाम्या बाजूवर हात टाकून पडल्यावर कळायचं नाही की एवढं बोलून नेमकं काय सांगायचं राहिलं.

जवळा बाजारहून शिवकन्या नावाच्या बाईचा फोन आला तो त्याच आठवड्यात. आवाज तरुण, घाईतला. बचत गटांच्या बायांनी मिळून सोयाबीनच्या बियाण्याची कंपनी काढली होती. शिवकन्या तिची अध्यक्ष. तिच्या सासऱ्यांच्या, तातेरावांच्या, जुन्या कापसाच्या गोडाऊनमध्ये काम चालायचं. बियाणं चाळून त्याची प्रतवारी करणारं मोठं मशीन, ग्रेडर, वरच्या मजल्यावर बसवलं होतं, कारण बी वरून गळत खाली आलं की हमाली वाचते. "पन ताई, ते चालू झालं की सगळा मजला झोके खाऊन राहिला," ती म्हणाली. "खाली आमच्या बाया निवडायला बसतेत. परवा सुनिताच्या सुपात गिलाव्याचं ढेकूळ पडलं. ज्यानं बांधलं तो म्हनतो, हलतंच थोडं, त्याला काय व्हतंय. मामाबी तेच म्हनतेत. मला काई झोप न्हाई." आकांक्षा म्हणाली येते. आईला एकटीला ठेवता येत नव्हतं. जवळा बाजार हिंगोली जिल्ह्यात म्हटल्यावर आई पिशवी भरून दाराशी उभीच राहिली, जणू गोरेगावलाच निघालो. "गोरेगाव न्हाई आई, जवळा बाजार. औंढ्याच्या पलीकडं." "व्हय व्हय," आई म्हणाली, "हवा तर तीच हाये."

एप्रिलचं ऊन. जिंतूर सोडल्यावर दोन्ही बाजूंची रानं नांगरून उघडी पडलेली, मधूनच हळदीच्या ढिगांवर झाकलेल्या ताडपत्र्या. आई खिडकीच्या काचेला तळहात लावून बसली होती. काच गाडीच्या इंजिनानं बारीक थरथरत होती. हे आकांक्षाच्या लक्षात आलं आणि मग तिला गाडी चालवणं अवघड झालं, कारण आईचा हात त्या काचेवर काय करतोय हे बघावंसं वाटत राहिलं. लहानपणी इंजिन बंद झाल्यावर घरात जी शांतता यायची तिची आकांक्षाला भीती वाटायची. भिंत एकदम मेल्यासारखी व्हायची. बाबा हात पुसत आत यायचे, भुवयांवर पीठ, आणि आई त्यांना पाणी द्यायची; दोघांना एकमेकांशी फार बोलताना तिनं कधी पाहिलं नाही. घर एका खोलीचं, त्यात आजी-आजोबा, दोन काका, पुढे एक काकू. तिथं कुणी कुणाशी काय बोलणार. आकांक्षानं त्या न बोलण्याला मोठेपणी आपल्यापुरतं एक नाव दिलं होतं: गरिबी. नवराबायकोत बोलणं असतं तेही ज्यांना परवडतं त्यांच्यात. म्हणून तिनं स्वतः लग्न केलं ते बोलणाऱ्या माणसाशी.

गोडाऊन बाजाराच्या मागच्या अंगाला होतं. तातेराव दारातच भेटले, पांढरा सदरा, खांद्यावर उपरणं, साठीपलीकडचा पण ताठ माणूस. "या मॅडम. पाव्हन्या बी आल्या का संगं? बसा मावशी, सावलीत बसा." आणि लगेच, "स्लॅब आपला पक्का हाये बरं. फुडं-मागं लग्नकार्याला हॉल काढावा म्हनून टाकला व्हता. दोनशे मानसं नाचली तरी काई व्हनार न्हाई." आकांक्षा हसली. हे तिला प्रत्येक ठिकाणी ऐकायला मिळे. माणसं नाचून थांबतात, मशीन थांबत नाही. पण हे तिनं सांगितलं नाही. खाली आठ-दहा बाया लांब टेबलापाशी बसून बी निवडत होत्या, डोक्याला रुमाल बांधलेले, पदर खोचलेले. शिवकन्या त्यांच्यातूनच उठून आली. तिच्याही केसांवर भुसा होता. आकांक्षानं मान वर करून बीम पाहिला. मधोमध, गिलाव्यात, केसासारखी रेघ. एक रेघ असती तर तिनं सोडून दिली असती. तीन होत्या, एकमेकींना समांतर, खालून वर चढत गेलेल्या.

वर जाऊन तिनं आधी मशीन बंद असतानाच मजला तपासला. कंपन मोजणारी काडेपेटीएवढी डबी मधोमध ठेवली, लॅपटॉप उघडला, आणि चवड्यांवर उभी राहून टाचा एकदम खाली आपटल्या. हे करताना तिला अजूनही लाजल्यासारखं व्हायचं. शिकलेली बाई उड्या मारतेय असं बघणाऱ्याला वाटतं. तातेरावांना वाटलंच. पण टाच आपटली की मजला उत्तर देतो. प्रत्येक मजल्याची आपली एक हलण्याची गती असते, झोक्याला असते तशी. पडद्यावर रेघ उसळते आणि तीच गती धरून हळूहळू विझते. ही रेघ विझायला फार वेळ लागला. आणि तिची गती बघून आकांक्षानं मशीनवरची पाटी पुन्हा वाचली. चाळण्यांचे हेलकावे आणि मजल्याची गती जवळजवळ एकच होती. झोक्यावरच्या माणसाला दर वेळी नेमक्या क्षणी कुणी ढकलत राहावं तसं हे मशीन महिनाभर ह्या मजल्याला ढकलत होतं. "आता चालू करा," ती शिवकन्येला म्हणाली. "रोजच्यासारखं. बी घालून."

मशीन सुरू झालं. आधी घरघर, मग चाळण्यांनी वेग धरला, आणि पायांखालचा मजला जिवंत झाला. घोट्यातून वर, गुडघ्यात, मग पोटात. आकांक्षानं पडद्याकडे पाहिलं. रेघ नेहमीच्या मर्यादेच्या कितीतरी वर जाऊन नाचत होती. हात वर करून थांबवा म्हणायचं, तेवढ्यात तिला जिन्याच्या तोंडाशी आई दिसली. कधी वर आली कोण जाणे. आईनं चपला जिन्यावरच काढल्या होत्या. ती अनवाणी पुढे आली, मजल्याच्या बरोबर मधे, जिथं थरथर सगळ्यांत जास्त होती तिथं येऊन उभी राहिली. ती जागा तिला कुणी दाखवायला लागली नाही. तिनं डोळे मिटले. आणि आकांक्षानं आईच्या चेहऱ्यावर असं काहीतरी पाहिलं जे तिनं आयुष्यात पाहिलं नव्हतं. हसू नव्हतं ते. चेहऱ्यावरची सगळी कातडी सैल पडली होती, कपाळ मोकळं झालं होतं, ओठ किंचित उघडे. साठ-सत्तरीची बाई वीस वर्षांची दिसत नाही, दिसलीही नाही. पण वीस वर्षांची एक बाई तिथं आहे आणि ती कुणाची तरी वाट बघतेय, हे स्पष्ट दिसलं. आपली आई आपल्या जन्माआधी कोण होती हे असं, भर दुपारी, दुसऱ्याच्या गोडाऊनमध्ये दिसावं ह्याची आकांक्षाला शरम वाटली आणि नजरही काढवेना. तिचा हात अर्धा वर येऊन थांबला. खाली आठ-दहा बाया बसल्यात हे तिला माहीत होतं. बीममधल्या तीन रेघा माहीत होत्या. तरी हात तिथंच राहिला, एक श्वास, मग दुसरा. खालून कुणीतरी ओरडलं, "अगं माय, पुन्यांदा माती पडली!" आणि तिनं झटकन हात खाली आपटला. "बंद! बंद करा!"

मजला थांबला. आईनं डोळे उघडले ते झोपेतून उठवलेल्या माणसासारखे, आणि चपला शोधायला जिन्याकडे गेली.

"हे चालवता येणार नाही," आकांक्षानं खाली येऊन सांगितलं. बायांना तिनं आधी टेबलासकट अंगणातल्या पत्र्याच्या सावलीत हलवायला लावलं होतं. "आज पडेल असं मी म्हणत नाही. पण रोज असं हलून हलून बीम थकतो. एक दिवस न सांगता जातो. मशीन खाली आणा. जमिनीत त्याचा वेगळा काँक्रीटचा ओटा करून त्यावर बसवा, इमारतीला कुठंही न चिकटवता. आणि ह्या बीमला मधे लोखंडी खांब द्या."

"आन हंगाम?" तातेराव म्हणाले. "मिरगाच्या आधी बी तयार करायचं हाये, मॅडम. ओटा करा, तो वाळू द्या, मशीन उतरवा, महिना जातो. थोडं हळू चालवलं तर न्हाई का जमणार?"

"हळू चालवलं तर हादरा कमी होईल. पण चाळणी नीट होत नाही हळू. खराब बी चांगल्यात जाईल."

"म्हंजे आमी मेलो दोन्हीकडून."

शिवकन्या इतका वेळ बीमकडे बघत होती. "मामा," ती म्हणाली, "सुनिताच्या सुपात ढेकूळ पडलं तवा ती पानी प्यायला उठली व्हती. बसली असती तर? तिच्या लेकरायला मी काय सांगू, मिरग जवळ आला व्हता म्हनून?" तातेरावांनी उपरण्यानं तोंड पुसलं. "हातानं चाळू महिनाभर," शिवकन्या म्हणाली. "सूप तर कुनी मोडलं न्हाई आमचं." मग कुणाकडेही न बघता, "अर्धं तरी व्हईल." त्या 'अर्धं तरी'मध्ये वर्षभराचं काय काय गेलं हे आकांक्षाला कळलं.

जेवायला बायांनी बळंच बसवलं. भाकरी, ठेचा, वांग्याचं भरीत. आई सुनिताच्या शेजारी बसली होती आणि आज कितीतरी दिवसांनी ती नीट जेवत होती. शिवकन्येनं तिला विचारलं, "मावशी, तुमी वर येऊन काय बघत व्हतात? भेव न्हाई वाटलं?" आईनं तिच्या ओठांवरून ते बरोबर टिपलं. "भेव कशाचं," ती मोठ्यानं म्हणाली. "आमची गिरणी व्हती गोरेगावला."

"गोरेगावला?" तातेराव म्हणाले. "आमच्या आत्याचं गाव. गिरणी तर तिथं एकच व्हती, बाजारात."

"आमची बौद्धवाड्यात व्हती. तुमची आत्या आमच्याकडं दळाया आली नसंल." आई हे इतकं साधं बोलली की त्यात बोचायला काही नव्हतं, आणि म्हणूनच तातेरावांचा घास जरा हातात राहिला. "सुरवातीला कुनीच येत नव्हतं. वाड्यातल्या लोकायकडं दळाया दाने किती असनार? तवा हे काय करायचे, सकाळी इंजिन चालू करायचे आन नुसतंच ठिवायचे. रिकामी गिरणी. कुक्‌ कुक्‌ आवाज साऱ्या गावात जायचा. लोकाला वाटावं, ग्यानोबाकडं दळन लई हाये. डिझेल जळायचं. सासरा बोंबलायचा. पन हे आयकायचे न्हाईत."

हे आकांक्षाला माहीत नव्हतं. तिच्या आठवणीत गिरणी कायम भरलेली होती, डब्यांची रांग, ओळखीचे-अनोळखी लोक. ती तिच्या जन्मानंतरची गिरणी. बाजारातली गिरणी एका पावसाळ्यात बंद पडली आणि मग सगळं गाव आलं, ही गोष्ट बाबा स्वतः सांगायचे. त्याच्या आधीचं कुणीच सांगितलं नव्हतं.

"भिंतीला पाठ लावली का कळायचं," आई म्हणत होती. हातातली भाकरी तशीच. "दाने असले का भिंत जड हलायची. रिकामी असली का हलकी, भरभर. मी घरातून वळखायची. रिकामी हाये म्हनलं का च्या घिऊन जायची. घरात हितं सासू, तिथं दीर. तोंड उघडाया जागा न्हाई. गिरणीत कोन आयकतंय? आमी दोघं भिंतीला पाठ लावून खाली बसायचो. इंजिनाचा हा एवढा कालवा. आन हे बोलायचे. लई बोलायचे. तोंड हलायचं, हात हलायचे, मधीच हसायचे."

"काय बोलायचे?" सुनितानं विचारलं.

"मला काय ठावं?" आई म्हणाली. "आयकू कुठं यायचं. मी आपली मान हलवायची. व्हय व्हय. घरी आल्यावर इचारायची सोय न्हाई, सगळी बसलेली. मग गिराईक यायला लागलं, मग तू झालीस," तिनं आकांक्षाकडे बोट केलं, "मग रिकामी गिरणी कधी ऱ्हायलीच न्हाई." तिच्या आवाजाची पट्टी आता खाली आली होती, इतकी की बायांना पुढे वाकावं लागलं. "आता व्हट वाचता येतेत मला. हिचे, तुमचे, टीव्हीवरच्या मानसाचे बी. तवा आले असते वाचता तर." मग भाकरीचा तुकडा मोडत, "मी बसते कधी कधी भिंतीला टेकून. पाठ हलाया लागली का ह्यांचं तोंड दिसतं. आगदी बराबर दिसतं, मिशीवरचं पीठबी. मग मी वाचून बघते. पाठ हलली न्हाई तर मग तोंडबी दिसत न्हाई, काय करावं."

सुनितानं आईच्या ताटात भरीत वाढलं. आकांक्षा उठली आणि हात धुवायच्या निमित्तानं हौदापाशी जाऊन उभी राहिली. ऊन पत्र्यावरून डोळ्यांत येत होतं. रबराच्या चार चकत्या. किती नीट काम केलं होतं तिनं. आईच्या पाठीतून तिनं एक माणूस काढून घेतला होता, आणि वरच्यांनी तिला धन्यवादही दिले होते. आपण ज्याला गरिबी म्हणत आलो ते हे होतं तर. तिच्या बाबांनी डिझेल जाळून, बापाच्या शिव्या खाऊन, एका बाईशी बोलायला जागा तयार केली होती. आणि गावाला दाखवण्यासाठी चालवत होते ती गिरणी खरं तर कुणासाठी चालत होती हे त्यांनाही माहीत होतं की नाही कोण जाणे. आणि आपण? प्रमोदचा आणि आपला प्रत्येक शब्द एकमेकांना नीट ऐकू येतो. तिला एकदम, लाज वाटावी इतक्या जोरात, प्रमोदच्या मानेचा वास आठवला. बोलणं नाही, आवाज नाही. नुसती मान.

हौदावरून परतली तेव्हा आई जिन्याच्या पहिल्या पायरीशी उभी होती. "आकांक्षा," ती म्हणाली, "एकडाव रिकामी चालवता यील का?"

आकांक्षानं वर पाहिलं. तिचं काम झालं होतं. जे मोजायचं ते मोजून झालं होतं, काय करायचं ते सांगून झालं होतं; मशीनला हात लावायचं आता काही कारण नव्हतं. तिनं पुन्हा एकदा त्या बीमखाली जाऊन तीन रेघा नीट निरखल्या. बी न घालता, निम्म्या वेगानं, खाली कुणी नसताना, थोडा वेळ: मजल्याला काही होणार नव्हतं. हे ती कुणालाही लिहून द्यायला तयार होती. पण हिशेब बरोबर असला तरी कारण खोटं होतं. "शिवकन्या," ती म्हणाली, "अजून एक मोजणी राहिली. रिकामं चालवून, हळू. खाली कुणी यायचं नाही तोवर. गोडाऊनचं दार लावून घ्या." शिवकन्येनं आधी तिच्याकडे, मग आईकडे बघितलं. "बराबर हाये ताई," ती म्हणाली, "ऱ्हाईली असंल तर घ्याच." आणि वर येऊन वेगाचं बटण तिला दाखवून, ती स्वतः खाली निघून गेली. तिनं बोलून दाखवलं नाही की मोजणीची डबी तर पिशवीत भरून झाली आहे.

वरच्या खोलीत दोघीच. आईनं चपला काढल्या, खिडकीखालच्या भिंतीला पाठ लावली आणि फरशीवर पाय पसरून बसली. आकांक्षानं मशीन सुरू केलं, वेग हळूहळू चढवला. चाळण्या रिकाम्या हलू लागल्या. बी नसल्यामुळे त्यांचा आवाज उघडा, पत्र्यासारखा होता. निम्म्या वेगाशी तिनं हात थांबवला. मजला हलत होता, पण मघासारखा उसळत नव्हता. खोलवर काहीतरी भरभर चालल्यासारखा. तिनं आईकडे पाहिलं. आईनं डोळे मिटून मान हलवली: हीच.

आकांक्षाला वाटलं आपणही जाऊन शेजारी बसावं. ती दोन पावलं गेलीही. तेवढ्यात आईनं, डोळे न उघडता, पदर आवरला आणि थोडी बाजूला सरकली. डावीकडे जागा झाली, एका माणसाला पुरेल एवढी. मग आईनं चेहरा त्या बाजूला वळवला, थोडा वर केला, आपल्यापेक्षा उंच माणसाकडे बघतात तसा. आकांक्षा होती तिथं थांबली. मग पाय न वाजवता मागे आली आणि बटणांच्या खोक्यापाशी उभी राहिली. आईचे ओठ अगदी बारीक हलत होते, ती कुणाचं तरी वाचताना हलवते तसे, एकेक अक्षर आपल्या तोंडात घेऊन बघत. मधेच थांबत. कपाळाला आठी पडे, जाई. एकदा ती हसली, थोडी उशिरानं, जसं कुणाचं वाक्य पूर्ण समजल्यावर हसतात. आकांक्षानं मान खिडकीबाहेर वळवली. बाहेर पत्र्याखाली बाया सुपं घेऊन बसल्या होत्या, तातेराव अंगणात पावलं टाकून ओट्याची जागा मोजत होते. खोलीत जे चाललं होतं ते तिनं बघायचं नव्हतं.

किती वेळ गेला कळलं नाही. आईनं डोळे उघडले, तळहातांनी चेहरा पुसला. "कर बंद," म्हणाली. मजला थांबला आणि आकांक्षा तिच्यासमोर उकिडवी बसली. तिला विचारायचं नव्हतं, पण ओठ आपोआप हलले. "काय म्हणाले बाबा?"

आईनं ते वाचलं. क्षणभर तिच्याकडे बघितलं. मग तिच्या खांद्याचा आधार घेऊन उठता उठता, मोठ्यानं, खाली अंगणापर्यंत जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणाली, "तुला काहून सांगू?"

आणि चपला हातात घेऊन, नव्या नवरीसारखी पटपट, जिना उतरून गेली.

आकांक्षा एकटी राहिली. थोड्या वेळानं तिनं त्याच भिंतीला पाठ लावली आणि प्रमोदला फोन लावला. ही त्यांच्या बोलण्याची वेळ नव्हती. पलीकडे कारखान्याची मोठी घरघर होती. "काय गं? सगळं ठीक? आई बऱ्या आहेत ना?" तिनं तोंड उघडलं आणि सांगण्यासारखं काही सापडेना. "हॅलो? आकांक्षा? आवाज येत नाहीये तुझा."

"मी बोलतच नाहीये," ती म्हणाली.

"मग?"

"मग काही नाही. ठेवू नको. थांब नुसता."

तो काहीतरी बोलायला गेला, तिनं त्याचा श्वास घेतलेला ऐकला. मग तो श्वास तसाच सुटला. घरघर चालू होती. तो थांबला होता.